पाण्याआधी आकाश

बामणोलीच्या धक्क्यावर लाँचचे दर ठिकाणावरून ठरतात. वासोटा, तापोळा, नाहीतर नुसती चक्कर, जसं ठिकाण तसं भाडं. आम्हाला कुठंच जायचं नव्हतं. शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, मधोमध जाऊन इंजिन बंद करायचं आणि दीड-दोन तास तिथंच थांबायचं, असं सांगितल्यावर लाँचवाल्या मामांनी आमच्या पेट्यांकडे बघितलं. "मासं धरायचं हाय का, ताई?" म्हटलं, "नाही मामा, पाण्याचा रंग मोजायचाय." यावर ते काही बोलले नाहीत. भाडं मात्र वासोट्याचं लावलं.

मी साताऱ्यात भौतिकशास्त्र शिकवते. तोवर माझा पाण्याशी संबंध नळाला आलं की नाही एवढाच होता. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कोयनेच्या जलाशयावर काम काढलं: उपग्रहातून पाण्याच्या रंगाचे जे आकडे मिळतात, ते प्रत्यक्ष पाण्यावर जाऊन घेतलेल्या मोजमापांशी ताडून बघायचे. त्यांना प्रकाशाची उपकरणं हाताळणारं माणूस हवं होतं, म्हणून मी. मला वाटलं होतं, रंगागणिक उजेड मोजणारं यंत्र पाण्याकडे धरायचं, बटण दाबायचं, झालं. या कामात पाणी सगळ्यात शेवटी येतं, हे मला लाँचवर चढल्यावर कळलं.

आधी उपग्रहाची बाजू सांगते, कारण त्याशिवाय बाकीचा खटाटोप वेडेपणा वाटेल. समुद्राचा रंग बघणारा संवेदक सातशे-आठशे किलोमीटरवरून खाली बघतो. त्याच्या डोळ्यात जो उजेड शिरतो त्यातला निळ्या पट्ट्यातला साधारण नव्वद टक्के भाग पाण्यातून आलेलाच नसतो. हवेच्या रेणूंनी आणि हवेत तरंगणाऱ्या कणांनी वाटेतच वर फेकलेला असतो. उरलेले दहाएक टक्के पाण्याच्या आतून फिरून आलेले. हरितद्रव्य किती, गाळ किती, जंगलातून पाझरलेला पिवळट रंग किती, ही सगळी माहिती तेवढ्यात. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची ट्रॉली आधी भरलेली तोलतात, मग रिकामी. दोन्हींतला फरक म्हणजे ऊस. इथं ट्रॉलीच नव्वद टक्के वजनाची आहे, ऊस दहा टक्के, आणि रिकामी ट्रॉली काट्यावर कधी येतच नाही. तिचं वजन गणितानं काढावं लागतं. एकूण वजनात अर्धा टक्का चूक झाली, की उसात पाच टक्के चूक. समुद्राच्या रंगाच्या मोहिमांनी निळ्या पट्ट्यासाठी घातलेली मर्यादाही पाच टक्क्यांचीच आहे.

प्रयोगशाळेत कितीही नीट अंशशोधन करून, म्हणजे माहीत असलेल्या उजेडाशी ताडून आकडे पक्के करून, संवेदक वर पाठवला तरी प्रक्षेपणाचे धक्के, निर्वात जागा, अतिनील किरणं यांनी तो बदलतो. १९७८ साली निंबस-७ उपग्रहावर गेलेला सीझेडसीएस हा या जातीचा पहिला संवेदक. त्याची निळ्या पट्ट्यातली नजर वर्षागणिक मंद होत गेली. पुढे १९९७ च्या सीविफ्स या संवेदकानं दर महिन्याला चंद्राकडे बघून स्वतःची उतरण तपासली. चंद्राचा पृष्ठभाग बदलत नाही, त्यामुळे संवेदक किती बदलला ते त्यावरून कळतं. पण अर्धा टक्का गाठायला तेही पुरत नाही. म्हणून खाली पाण्यावर माणसं आणि यंत्रं लागतात. हवाईच्या लानाई बेटाजवळ मोबी नावाचा बोया, म्हणजे पाण्यावर तरंगतं यंत्र, १९९७ पासून उभा आहे. त्याच्या दांड्याला १, ५ आणि ९ मीटर खोलीवर हात आहेत. पाण्यातून वर येणारा उजेड ते मोजतात आणि पाणबुडे वेळोवेळी जाऊन त्यांच्या काचा पुसतात. तिथं मोजलेला उजेड गणितानं हवेतून वर चढवायचा आणि उपग्रहाला काय दिसायला हवं होतं ते काढायचं. प्रत्यक्षात दिसलं त्याच्याशी गुणोत्तर घेतलं की त्या पट्ट्याचा सुधारणा-गुणक मिळतो. असे एक-दोन गुणक घेऊन भागत नाही. सीविफ्सचा गुणक स्थिरावायला बोया आणि उपग्रह यांच्या मोजमापांच्या, गाळून-चाळून उरलेल्या ३० ते ४० जोड्या लागल्या आणि त्या जमायला दोन-तीन वर्षं गेली. आपल्याकडे ओशनसॅट उपग्रहावरच्या ओसीएम या संवेदकासाठी लक्षद्वीपात कवरत्तीजवळ असाच बोया ठेवला गेला.

मग कोयनेत बसून ओसीएमचं अंशशोधन का करता येत नाही? मीही सरांना पहिल्यांदा हेच विचारलं. त्यासाठी पाणी निळंशार, जवळजवळ नापीक आणि मैलोन् मैल एकसारखं लागतं. हवा समुद्रावरची, स्वच्छ. आजूबाजूला जमीन नको. कोयनेत यातलं एकही नाही. इथं करायची ती पडताळणी. अंशशोधन झालेल्या संवेदकाचे आकडे डोंगराच्या कुशीतल्या पाण्यावर किती टिकतात ते बघायचं. मोजण्याची रीत मात्र तीच, आणि शिस्तही तीच.

वेळ आपल्या हातात नसते. सेंटिनेल-२ हा उपग्रह स्थानिक सूर्यवेळेनं साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातो. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि बामणोली पावणेचौऱ्याहत्तरच्या जवळपास, त्यामुळे इथल्या सूर्यवेळेपेक्षा घड्याळ पस्तीस मिनिटं पुढं. म्हणजे घड्याळात अकराच्या पुढंमागं. सेंटिनेल-३ त्याच्या अर्धा तास आधी, आणि ओशनसॅट दुपारी बाराची सूर्यवेळ धरून. मोसमही आपल्या हातात नाही. पावसाळ्यात ढग. मेच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यात सावली शून्य होते, तेव्हा दुपारचा सूर्य पाण्यात सरळ चमकून वरच्या संवेदकाला आंधळं करतो. उरते ती दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीपर्यंतची खिडकी. त्यातही सकाळी खोऱ्यात धुकं पडतं, ते उठायला कधी नऊ वाजतात, कधी दहा. दहाला धुकं उठलं आणि अकराला उपग्रह आला, तर मधल्या तासात सगळं मांडून तयार राहायचं.

कपडे काळे. हा नियम मला आधी हास्यास्पद वाटला होता. पण पांढरी पाटी समोर धरून बघितलं, तर माझ्या लाल ओढणीची झाक पाटीवर पडलेली लॅपटॉपवरच्या आलेखातही दिसली. तांबड्या बाजूला रेषा किंचित वर. तेव्हापासून लाइफ जॅकेटवरसुद्धा आम्ही काळे ढगळ सदरे चढवतो, कारण जॅकेट केशरी असतं. मामांची पांढरी टोपी राहिली. ती काढायला सांगायचं धाडस कुणाचं होईना. शेवटी मामांना इंजिनापाशी, यंत्राच्या पाठीमागं बसवलं आणि टोपीचा प्रश्न मिटला.

ही पांढरी पाटी म्हणजे सगळ्या मोजमापाचा पाया. तळहातापेक्षा थोडी मोठी, स्पेक्ट्रालॉन नावाच्या पदार्थाची. तिच्यावर पडलेल्या उजेडातला ९९ टक्के ती सगळ्या दिशांना सारखा परत फेकते. तिच्याकडे यंत्र धरलं की वरून किती उजेड पडतोय ते कळतं. मग त्याच यंत्रानं पाणी मोजायचं आणि भागाकार करायचा. एकच यंत्र वर आणि खाली असल्यामुळे त्याच्या स्वतःच्या अंशशोधनातली चूक भागाकारात उडून जाते. बोयावर ही सोय नाही, तिथं प्रकाशाची खरी तीव्रताच लागते आणि म्हणून प्रमाणित दिव्यांसमोर यंत्रं पुन्हापुन्हा न्यावी लागतात. आमची मदार पाटीवर. तिला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल तिच्यात शिरतं. इंजिनाचा धूर तिच्यावर बसू द्यायचा नाही. पाण्याचा शिंतोडा उडाला की सर अस्वस्थ होतात. मोजणी संपेपर्यंत तिचं झाकण मी हातात धरून असते, कुठं ठेवतच नाही.

यंत्र कसं धरायचं, त्याला दोन कोन आहेत. पाण्याकडे बघताना सरळ खालच्या दिशेपासून ४० अंश तिरकं, आणि सूर्याच्या दिशेपासून १३५ अंश वळून. सूर्याला पाठ पूर्ण दिली तर आपलीच सावली मोजली जाते. सूर्याकडे तोंड केलं तर पाण्यावरची चमक आत येते. १३५ अंश हा दोन्हींच्या मधला समजूतदार कोन. जमिनीवर हे सोपं आहे. लाँचवर इंजिन बंद केलं की लाँच गोल फिरायला लागते. सूर्य तिथंच, मी मात्र वळतेय. पाच आकडे घेतले तोवर १३५ चे ९० झालेले. वल्ह्यानं धरून बघितलं, जमलं नाही. नांगर टाकायचा तर मधोमध पाणी इतकं खोल की दोर पुरेना.

तोडगा मामांनी काढला. त्यांनी प्लास्टिकची बादली दोरीला बांधून लाँचच्या मागच्या अंगानं पाण्यात सोडली. बादली पाण्यानं भरली, दोरी ताणली गेली आणि मागची बाजू वाऱ्याकडे धरली गेली. पुढचं टोक आपोआप वाऱ्याच्या उलट्या अंगाला. थंडीत सकाळी वारा पूर्वेकडून खोऱ्यात उतरत होता, म्हणजे आमचं टोक वासोट्याच्या डोंगराच्या बाजूला. डिसेंबरात अकराच्या सुमाराला सूर्य आग्नेयेच्या थोडा दक्षिणेला असतो. त्याच्यापासून १३५ अंश मोजले तर बोट पश्चिमेच्या थोडं उत्तरेकडे जातं. हिशेब इतका जुळला की सरांनी होकायंत्र दोनदा तपासलं. लाँच हळूहळू सरकत होती, पण फिरत नव्हती. "आता बघा निवांत," मामा म्हणाले आणि तंबाखूची पुडी काढली. लाँचवरून प्रकाश मोजण्याचे नियम सांगणारे जाडजूड दस्तऐवज मी नंतर वाचले. त्यात बादली नाही, आणि ती असायला हवी असं माझं मत आहे.

मग क्रम: पाटी, पाणी, आकाश, पुन्हा पाटी. आकाश कशाला, हा मामांचा प्रश्न. "पाणी तर खाली हाय, वर काय बघताय?" प्रश्न अगदी मर्मावरचा. पाण्याकडे धरलेल्या यंत्रात पाण्याच्या आतून आलेला उजेड येतोच, पण पाण्याच्या पाठीवरून परतलेलं आकाशही येतं. ते वजा करायचं तर जो आकाशाचा तुकडा पाण्यात दिसतोय, तोच वर बघून मोजावा लागतो: डोक्यावरच्या बिंदूपासून ४० अंश खाली, त्याच दिशेला. वारा मंद आणि आभाळ निरभ्र असेल तर त्याचा ०.०२८ एवढा वाटा पाण्यावरून परततो. १९९९ पासून हाच आकडा जगभर वापरात आहे. पावणेतीन टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण कोयनेचं पाणी जंगलातून उतरतं, त्यातला पालापाचोळ्याचा पिवळसर अर्क निळा उजेड गिळतो. त्यामुळे निळ्या पट्ट्यात आतून वर येणारा उजेड आणि पाठीवरून परतलेलं आकाश यांचं माप कधीकधी सारखंच भरतं. वजाबाकी थोडी हुकली की उत्तरच हुकलं. आणि आकाशात पिंजलेल्या कापसाएवढा जरी ढग त्या तुकड्यात आला, तरी ०.०२८ चा भरवसा संपला. वाऱ्याचंही तेच. सेकंदाला पाच मीटरच्या वर गेला की पाण्याला कंगोरे येतात आणि प्रत्येक कंगोरा आकाशाचा वेगळा तुकडा दाखवतो. त्या दिवशी आम्ही यंत्र पेटीत घालतो. मामांना हे पटत नाही. "एवढ्या लांब आला, दोन आकडं घ्या की." पण ते दोन आकडे घेतले तर मग कुणीतरी वापरतंच.

एकाच जागी किती आकडे घ्यायचे, यावर माझं आणि सरांचं अजून एकमत नाही. ते सगळ्यांची सरासरी घेतात. मला वाटतं सगळ्यात कमी उजेडाचे आकडे खरे, कारण लाटेची चमक उजेड वाढवते, कमी करत नाही. शेवटी आम्ही जास्तीचे टोकाचे आकडे काढून टाकून मधला घेतो, आणि दोघंही थोडे नाराज राहतो.

मधल्या वेळात सूर्यही मोजायचा. हातात मावणारं यंत्र सूर्याकडे धरायचं, छोट्या पडद्यावरचा ठिपका फुलीच्या मधोमध आणायचा आणि तो हलत्या लाँचवर तिथंच धरून ठेवायचा. सूर्याचा थेट उजेड किती कमी झालाय त्यावरून हवेतले कण किती ते कळतं. हे काम मला फार आवडतं, कारण इथं आपण गणितानं काढलेल्या त्या ट्रॉलीचं थोडंसं वजन निदान खरंच तोलतो.

पाण्याचे नमुने घेणं त्या मानानं निवांत. काळ्या बाटलीत भरायचे, किनाऱ्यावर येऊन हातपंपानं बारीक काचतंतूंच्या कागदातून गाळायचे. कागदावर फिकट हिरवी चकती उमटते. ती अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून बर्फाच्या थर्माकोल पेटीत. कासच्या फुलांच्या दिवसांत हे काम नसतं हे एका परीनं बरंच, नाहीतर त्या गाड्यांच्या रांगेत बर्फ वितळला असता. साताऱ्यात आल्यावर नव्वद टक्के अॅसिटोनमध्ये चकती रात्रभर अंधारात थंड ठेवायची. सकाळी द्राव हिरवा झालेला असतो. तो किती लाल उजेड शोषतो त्यावरून हरितद्रव्य. लाँचवर काळी-पांढरी सेक्की तबकडीही सोडतो. १८६५ साली सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्यानं वापरलेली ही कल्पना, तबकडी कितव्या मीटरला दिसेनाशी होते एवढंच बघायचं. मामांना एकूण सगळ्या यंत्रांत फक्त हीच पटली. दोरी तेच सोडतात, आणि दिसेनाशी झाली हे ते माझ्या आधी सांगतात.

आता उपग्रहाशी गाठ घालायची. साधारण रीत अशी की मोजमापाच्या जागेभोवती पाच गुणिले पाच पिक्सेलांची चौकट घ्यायची. त्यातले निम्मे तरी धड हवेत, आपसात फार वेगळे नकोत आणि वेळेचा फरक तीन तासांच्या आत. समुद्रावर तीन तास चालतात, इथं आम्ही एकच तास धरला. पण सेंटिनेल-३ चा पिक्सेल ३०० मीटरचा. पाच पिक्सेल म्हणजे दीड किलोमीटर बाजूची चौकट. खोऱ्याच्या फाट्यांत एवढं सलग पाणीच नाही. चौकटीचे कोपरे थेट झाडीत. मग सेंटिनेल-२ वर यावं लागलं. त्याचे दृश्य प्रकाशाचे मुख्य पट्टे १० मीटरचे आहेत, पण तो जमिनीसाठी बनवलेला, पाण्यासारख्या अंधाऱ्या वस्तूवर त्याचे आकडे थरथरतात.

आणि पहिल्या जुळणीत निळ्या पट्ट्यात पाण्याचं परावर्तन आलं शून्याच्या खाली. पाणी ऋण उजेड देत नाही. आमचा आलेख धन, उपग्रहाचा ऋण, हिरव्या-लाल पट्ट्यांत मात्र दोघं बरेच जवळ. आम्ही आमची मोजणी उलटसुलट तपासली, पाटीचे आधीचे आणि नंतरचे आकडे जुळत होते. दोष दुसरीकडे होता, आणि तो समजल्यावर मला हे सगळं काम पहिल्यांदा खऱ्या अर्थानं रंजक वाटलं.

रिकाम्या ट्रॉलीचं वजन काढायची नेहमीची युक्ती अशी: निकट अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या जरा पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड पाणी जवळजवळ पूर्ण शोषतं. म्हणून त्या पट्ट्यात उपग्रहाला जे काही दिसेल ते हवेचंच समजायचं, आणि त्यावरून निळ्यातल्या हवेचा अंदाज बांधायचा. भर समुद्रात हे फार छान चालतं. पण कोयनेच्या दोन्ही काठांना दाट झाडी, आणि हिरवी पानं निकट अवरक्तात झगझगीत असतात. त्यांचा उजेड हवेत विखरून शेजारच्या पाण्याच्या पिक्सेलात शिरतो. संगणकाला वाटतं, हवेत कण फार आहेत. तो निळ्यात जास्त वजा करतो, आणि पाणी शून्याच्या खाली जातं. काठाजवळचे आकडे घेऊन बघितले तर हेच दिसलं. काठापासून जसं लांब जावं तशी निळी रेषा वर येत होती.

फेब्रुवारीत त्यात आणखी भर पडली. डोंगरउतारावर गवताला वणवे लागायला लागले, खाली मैदानात उसाचं पाचट पेटवलेलं. हवेत काजळी. काजळी उजेड नुसता विखुरत नाही, गिळतेसुद्धा, आणि निळ्यात तिचा परिणाम मोठा असतो. संगणकाच्या हिशेबात बहुतेक समुद्रावरचे, न गिळणारे कण असतात. तो पुन्हा जास्तच वजा करतो. हातातल्या यंत्रानं कण वाढल्याचं त्याच दिवशी सांगितलं होतं. धूर नाकालाही लागत होता, पण नाकाचे आकडे तक्त्यात भरता येत नाहीत.

तेव्हा आम्ही जोड्या दोन ढिगांत लावल्या. काठापासून दूर आणि धुराविना, तो एक. उरलेल्या सगळ्या दुसऱ्यात, प्रत्येकीपुढं कारण लिहून. पहिला ढीग लहान आहे. दुसरा टाकून द्यावा असं सरांचं मत होतं, मी अडवलं. या पाण्यावर उपग्रह कुठं आणि का चुकतो हे तोच ढीग सांगतो, आणि शिवसागरासारखे डोंगरात अडकलेले जलाशय सह्याद्रीत काही कमी नाहीत.

पुढच्या मोसमासाठी ठिकाण बदलतोय. धरणाच्या दिशेला खाली, जिथं पात्र रुंद होतं, तिथं थांबायचं. अभयारण्याची हद्द लागून असल्यानं परवानगीचा अर्ज वेगळा करावा लागला. बामणोलीहून तिकडे लाँचला बराच वेळ लागतो, म्हणजे अकराचा उपग्रह गाठायला धुक्यातच निघावं लागणार. मामांना विचारलं तर त्यांनी धुक्याची काळजी केली नाही. पाणी उतरल्यावर जुन्या टेकाडांचे माथे कुठं वर येतात, तिथं तळ दिसतो आणि तुमचा रंग बिघडेल, हे मात्र त्यांनी आपणहून सांगितलं. नकाशावर त्या जागा आम्ही त्यांच्याकडूनच लाल पेनानं खुणावून घेतल्यात. भाडं अजून ठरायचंय. तिकडचा दर फलकावर नाही.